बॅटवाल्याच्या कपाळाला कुंकू

बुकित पंजांग, सिंगापूर
२८ सप्टेंबर २०१४

ती. मनोहरमामा,

साष्टांग नमस्कार, माझ्या आणि शैलेंद्रच्या वाटचा. त्याला वाकता येत नाही हल्ली, तेवढं सांभाळून घ्या.

तुमचं कार्ड सुखरूप पोचलं. पुण्याहून निघाल्यापासून इथे दार उघडेपर्यंत शैलेंद्रने ते शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं होतं. विमानात जेवण आलं तेव्हा पुढे वाकला तर दुमडेल, म्हणून जेवलासुद्धा नाही म्हणे. तुआसला जहाजांची एवढाली इंजिनं उघडून बसणारा माझा नवरा, पण तुमच्या त्या तळहाताएवढ्या पुठ्ठ्याने त्याला पुरता घाम फोडला. घरी आल्यावर आधी कार्ड काढून दिलं आणि मग पाणी मागितलं.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि ईमेल केलं तर ते विक्रांतदादा आधी उघडतो. म्हणून हा कागद आणि पेन. किती वर्षांनी चार ओळी हाताने लिहितेय. अक्षराला हसू नका.

काल ऑफिस सुटल्यावर कार्ड घेऊन मी दुकानात गेले. पाया लेबारला माझ्या ऑफिससमोरच्या मॉलमध्ये वरच्या मजल्यावर मिस्टर गोह म्हणून साठीचे एक गृहस्थ खेळाडूंच्या चित्रांची जुनी कार्डं विकतात. सिंगापुरात बेसबॉल कोण बघतं, मला वाटलं होतं तिथे माशा असतील. तर चार माणसं काचेला नाक लावून उभी. मिस्टर गोहनी आधी हात धुतले, पुसले, मग तुमचं कार्ड हातात घेतलं. भिंग लावून चारही कोपरे पाहिले, कडेची पांढरी पट्टी दोन्हीकडे सारखी आहे का ते पाहिलं, उलटं करून पाठ पाहिली, दिव्यासमोर तिरकं धरून कुठे डाग आहे का ते पाहिलं. पूर्वी लोक मुलगी बघायला यायचे आणि चालून दाखव म्हणायचे, ते आठवलं मला. मी उगीचच पदर सावरल्यासारखी ओढणी सावरली.

ते म्हणाले, खरं आहे. नक्कल नाही. मग खुर्ची दिली मला बसायला.

ऐका आता. या छंदात सगळ्यात वरचा मान शंभर वर्षांपूर्वी सिगारेटच्या पाकिटातून निघालेल्या एका कार्डाचा. ती जगात पन्नास-साठच उरली आहेत, त्यांचं आपण बोलायलाच नको. पण महायुद्धानंतरच्या कार्डांत ज्यासाठी लोक जीव टाकतात, ते १९५२ सालचं मिकी मँटलचं. निळ्या आकाशापुढे पिवळी बॅट घेतलेला. तेच तुमचं. त्या वर्षी शेवटची खेप उशिरा बाजारात आली, खपली नाही, आणि पुढे कंपनीने उरलेला माल बोटीत भरून समुद्रात बुडवला असं सांगतात. म्हणून इतकी किंमत. अमेरिकेत कार्ड पाठवलं की तिथले तज्ज्ञ त्याला दहापैकी गुण देतात आणि काचेसारख्या डबीत बंद करून परत पाठवतात. मिस्टर गोहच्या मते तुमच्या कार्डाला सात मिळतील. सात म्हणजे, मामा, पुण्याच्या कडेला का होईना, दोन खोल्यांचा फ्लॅट.

त्यांनी तीनदा बजावलं आहे: पुसायचं नाही, ओल लागू द्यायची नाही, प्लॅस्टिकच्या पाकिटातून काढायचं नाही. मी ते माझ्या दागिन्यांच्या कप्प्यात ठेवलं आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर त्यांचं पार्सल अमेरिकेला जाईल. त्यात द्यायचं का ते कळवा.

तुमची,
नीता


पुणे
९ ऑक्टोबर २०१४

चि. नीता,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात वेगळे लिहून शाई कशाला घालवू.

तुझं पत्र भिंगातून दोनदा वाचलं, त्या गोहसाहेबांसारखं. अक्षर वाईट नाही. तुझ्या आईचं याहून वाईट होतं.

सात गुण म्हणजे गंमतच आहे. त्या कार्डाची खरी हकीकत अशी. १९५२ च्या हिवाळ्यात मी क्लीव्हलंडला शिकायला गेलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो, शाकाहारी होतो आणि सतत भुकेला होतो. एका दुकानात पाच सेंटला गोड वाटेल असं पाकीट दिसलं. आत गुलाबी रबरासारखी वडी निघाली. ती मी चावून गिळली. गिळायची नसते हे आठवडाभराने कळलं, तोवर चार वड्या पोटात गेल्या होत्या. चौथ्या पाकिटात हा बॅटवाला निघाला. लॉगटेबलच्या ओळी वाचताना नजर घसरते, म्हणून खाली सरळ कडेचं काहीतरी धरावं लागतं. हा पुरेसा जाड आणि सरळ होता. दोन वर्षं त्याने माझी नजर ओळीवर ठेवली. कोण, कुठला, मला ठाऊक नव्हतं. मी त्याला आकड्यांखाली धरायचो आणि काम झालं की पुस्तक मिटायचो. पुढे साठ वर्षं तो तिथेच झोपला.

आता त्याला उठवल्याचा परिणाम बघ. तुझी संजीवनीमामी जानेवारीत गेली. मे महिन्यात विक्रांत ठाण्याहून आला आणि माझी जुनी पुस्तकं रद्दीत घालायला काढली. लॉगटेबल झटकलं, हा खाली पडला. बँकेत बसणारा माणूस, त्याने लगेच मोबाइलवर शोधलं. तेव्हापासून त्याचं म्हणणं, मी बघितलं नसतं तर रद्दीवाल्याने दोन रुपये किलोने नेलं असतं. सुलेखा नाशिकहून म्हणते, अठ्ठ्याण्णव साली घराला रंग दिला तेव्हा हाच विक्रांत ते पुस्तक टाकायला निघाला होता, मी ते उचलून माळ्यावर ठेवलं. दोघांचंही खरं आहे, हीच पंचाईत. पैशांची गरज दोघांपैकी एकालाही नाही. दोघांनाही फक्त बरोबर ठरायचंय. गणपतीत दोघं माझ्याच घरात माझ्यामार्फत बोलत होती, आणि मला तर ऐकू येत नाही.

कार्ड घरात ठेवायची सोय राहिली नाही म्हणून शैलेंद्रबरोबर परदेशी धाडलं.

माझं एवढंच आहे बघ. दहा जानेवारीला शनिवारी संजीवनीचं वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी माझी दोन्ही मुलं एका पंगतीत बसलेली मला हवीत. सुलेखाने कळवलंय, तो असेल तर मी येणार नाही. विक्रांत म्हणतो, मुलगा म्हणून विधी मला करायचेत, मी येणारच. बायको गेली ते मी सोसलं. पण तिच्या पानाला दोघांतलं एक नसेल तर ते मला सोसणार नाही. काय गुण यायचे ते येऊ देत, विकून सारखी वाटणी करून टाकतो. मग भांडायला काही उरणार नाही. पार्सलमध्ये दे.

मनोहरमामा


बुकित पंजांग
२७ ऑक्टोबर २०१४

ती. मामा,

दिवाळीचा नमस्कार. तुमचं पत्र अगदी दिवाळीच्या तोंडावर मिळालं. चार वड्या गिळल्याचं आमच्या अवनीला वाचून दाखवलं, ती दहा मिनिटं हसत होती. तिला मराठी वाचता येत नाही पण हसता येतं.

इथे सुट्टी बुधवारी होती आणि आपलं लक्ष्मीपूजन आलं गुरुवारी. म्हणजे दिवसभर ऑफिस, मग गाडी बदलत बदलत चोआ चू कांग, तिथून एलआरटीची छोटी गाडी, आणि घरी येऊन अर्ध्या तासात पूजा. फराळ मी फक्त चिवडा आणि शंकरपाळे केले. चकलीचं पीठ बिघडलं. शैलेंद्रला शनिवारीही तुआसला जावं लागलं. शेजारच्या मलय काकूंना फराळ दिला, त्यांनी ताटलीतून अननसाच्या वड्या परत पाठवल्या. हवा नेहमीसारखीच, रोज दुपारी सर येते.

कार्ड कप्प्यात आहे. पार्सलला अजून वेळ आहे.

एक विचारायचं होतं. ओलं कुंकू कशावर पडलं तर काढायचं कसं, मामीला ठाऊक होतं ना काहीतरी? माझ्या एका मैत्रिणीच्या शालूवर सांडलं आहे. नाजूक आहे, पाणी लावून चालणार नाही. तुम्हाला आठवत असेल तर कळवा. जरा लवकर कळवा.

तब्येतीला जपा.

नीता


पुणे
७ नोव्हेंबर २०१४

चि. नीता,

तुझ्या मैत्रिणीला सांग की घासायचं नाही. संजीवनी डागावर कोरडं तांदळाचं पीठ दाबून रात्रभर ठेवायची, सकाळी मऊ ब्रशने झटकायची. नाही गेलं तर लिंबाचं टोक लावायची. तरीही नाही गेलं तर तो काठ आत दुमडून निऱ्यांत घालायची आणि लग्नाला जायची. हे मी नीट सविस्तर लिहिलं, कारण अशी कामाची माहिती हल्ली मला कोणी विचारत नाही.

आमच्या दिवाळीचं काय सांगू. भाऊबीजेला सुलेखा आली नाही. चोपन्न वर्षांच्या भावाला ओवाळायला एकावन्न वर्षांच्या बहिणीने यायचं नाकारलं, आणि कारण काय तर बॅट घेतलेला एक परका माणूस. विक्रांत पाट मांडून बसला होता. मुद्दाम बसला होता असं त्याचीच बायको, क्षिप्रा, म्हणाली, पण मी त्याचा चेहरा पाहिला. दुपारी एकला तो उठला आणि पाट भिंतीला लावून ठेवला. संध्याकाळी सुलेखाच्या नवऱ्याने, सुबोधने, कुरियरने फराळाचा डबा पाठवला. वर माझं एकट्याचं नाव.

आता विक्रांत मला दर शनिवारी येऊन कागदावर लिहून विचारतो, गुण किती आले. सुलेखा सुबोधमार्फत विचारते. शाळेचे निकालही यांनी कधी असे विचारले नव्हते. नीता, मी कंटाळलो. परवा मनात आलं, कार्ड घरात असतं तर मीच गॅसवर धरलं असतं. पण मग दोघं मिळून म्हणाली असती की म्हाताऱ्याला भ्रम झाला, आणि मला कुठल्यातरी डॉक्टरकडे नेलं असतं.

पार्सल वेळेवर जाऊ दे. श्राद्धाआधी सोक्षमोक्ष लागायला हवा.

मामा


बुकित पंजांग
१८ नोव्हेंबर २०१४

ती. मामा,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. आता जे होईल ते होवो. तुमच्यापासून लपवून मला जेवण जात नाही.

मैत्रीण नाही आणि शालूही नाही. कुंकू तुमच्या कार्डावर लागलं आहे. मी लावलं.

लक्ष्मीपूजनाला मी धावतपळत घरी आले. चौरंगावर दागिने मांडले, पासबुक, आमचे पासपोर्ट, इथे कायम राहण्याची पीआरची कार्डं, अवनीचा लॅपटॉप, सगळं मांडलं. तुम्हाला माहीत आहे, ज्यावर घर चालतं त्या सगळ्याला आपण कुंकू लावतो. मग वाटलं, या घरातली सगळ्यात मोठी लक्ष्मी तर कप्प्यात आहे, तीही ठेवूया. आणि पाकिटासकट ठेवली तर प्लॅस्टिकची पूजा होईल, म्हणून काढली. मिस्टर गोहनी तीनदा सांगितलं होतं, मला तीनदाही आठवलं, आणि तरी मी म्हटलं, दोन मिनिटं काय होतंय.

कुंकू मी दूर ठेवणार होते, शपथ सांगते. नाण्यावर, पासबुकावर, लॅपटॉपच्या कोपऱ्यावर बोट लावत लावत आले, आणि समोर माणसाचा चेहरा आला. आपल्या हाताला सवय आहे मामा. चित्रात चेहरा असला की बोट कपाळाकडे जातं. त्या बिचाऱ्याचं टोपीखालून जेमतेम दिसणारं कपाळ, त्यावर ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा लागला. वर मी हळदही लावली. अक्षता वाहिल्या, त्यातला एक दाणा चिकटला.

अवनी म्हणाली, "आई, यू सीरियस, आह? दॅट्स पेपर, लाह." तेव्हा मला कळलं मी काय केलं. मी घाबरून रुमालाने टिपलं, तर लाल रंग टोपीवर चढला. तुमचं पत्र आल्यावर तांदळाचं पीठही लावून पाहिलं. दाणेदार गुलाबी झालं फक्त.

परवा पार्सलची मुदत होती, म्हणून धीर करून दुकानात गेले. मिस्टर गोहनी भिंग लावून कार्ड पाहिलं. मग चष्मा काढला आणि विचारलं, "मॅडम, हू डिड दिस, आह?" मी म्हटलं, मीच. ते म्हणाले, सात गुण विसरा. आता एक मिळाला तरी खूप. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

मामा, तुम्ही श्राद्धाला दोन्ही मुलं मागितली होतीत. वाटणी करून मिटवणार होतात. मी वाटायला काही ठेवलंच नाही. माझ्यामुळे सुलेखाताई आली नाही तर मी मामीला काय तोंड दाखवू. दादाला आणि ताईला मीच कळवते, तुम्ही मध्ये पडू नका. फक्त मला एकदा लिहा, की तुम्ही माझ्याशी बोलणं बंद करणार नाही. आईनंतर मला तुमच्याशिवाय कोणी मोठं नाही.

नीता


पुणे
२९ नोव्हेंबर २०१४

नीता, बाळा,

तुझ्या पत्राच्या पहिल्या दोन ओळी वाचून मी घाबरलो. वाटलं शैलेंद्रची नोकरी गेली, नाहीतर अवनीला काही झालं. पुढे कुंकू आलं आणि मी खुर्चीत मागे टेकलो. मग हसायला लागलो. शेजारच्या निशिकांतने येऊन विचारलं, काका, ठीक आहात ना. त्याला वाचून दाखवलं, तोही हसत बसला.

वेडी आहेस का तू? तुझ्याशी बोलणं बंद करून या घरात मी बोलायचं कोणाशी?

आता जे झालं ते सविस्तर लिहितो, कारण तुला ते हवं आहे. तुझं पत्र आणि तू मुलांना पाठवलेलं ईमेल एकाच दिवशी पोचलं. विक्रांत रात्रीच ठाण्याहून निघाला. सुलेखा पहाटेच्या बसने नाशिकहून. दोघंही माझं सांत्वन करायला आली होती, एकमेकांची भेट व्हावी असा कोणाचाच बेत नव्हता. सकाळी दहाला माझ्या स्वयंपाकघरात समोरासमोर आली. मी चहा ठेवला.

सुरुवात विक्रांतने केली. भिंतीकडे बघत म्हणाला, एवढी शिकलेली बाई, अकाउंट्स बघते, आणि कार्ड पाकिटातून काढते. सुलेखा ओट्याकडे बघत म्हणाली, लहानपणापासून तशीच आहे, माझ्या लग्नात तिने अंतरपाट उलटा धरायला दिला होता. विक्रांत वळून म्हणाला, आठवतंय ना? झालं. अर्धा तास दोघं एकमेकांकडे बघून तुला नावं ठेवत होती. मला सगळं ऐकू आलं नाही, पण सूर मी ओळखतो. सहा महिन्यांत पहिल्यांदा एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता. मी पोहे केले. तुझ्या वेंधळेपणावर दोन दोन वेळा पोहे खाल्ले त्यांनी.

मग सुलेखा एकदम थांबली. म्हणाली, "दादा, आई असती तर तिने पण लावलं असतं."

नीता, तुला माहीत नसेल, विक्रांतने पहिला कॉम्प्युटर आणला तेव्हा संजीवनीने त्याच्या प्रत्येक बटणावर कुंकू लावलं होतं. शंभर बटणं असतील. त्याने आठवडाभर काडीला कापूस लावून साफ केली आणि रोज चिडला. ते त्याला आठवलं असणार, कारण तो हसायला लागला आणि हसता हसता त्याने डोळ्यांवर हात धरला. सुलेखा उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली. आई गेल्यापासून ती दोघं एकत्र रडलीच नव्हती. त्यांना वेळ कुठे होता, ती कार्डाचं बघत होती.

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. छातीवरचा दगड उतरतो म्हणतात तो कसा उतरतो ते मला चौऱ्याऐंशीव्या वर्षी कळलं.

सुलेखा श्राद्धाला येते आहे. खीर मी करणार, आईसारखी मलाच जमते, असं तिने विक्रांतला बजावलं. त्याने मान्य केलं.

एकच विनंती. दहा जानेवारीपर्यंत तू अशीच वाईट राहा. दोघांचं सध्या फक्त तुझ्यावर एकमत आहे, ते मोडू नकोस.

मामा


बुकित पंजांग
११ डिसेंबर २०१४

ती. मामा,

तुमचं पत्र खाली लेटरबॉक्सपाशीच उभ्याने वाचलं. लिफ्टमध्ये शिरले आणि कितवा मजला ते दाबायलाच विसरले, दार बंद होऊन तशीच उभी. एक म्हाताऱ्या चिनी बाई आत आल्या, त्यांनी माझे डोळे बघून पिशवीतलं संत्रं काढून दिलं. मी त्यांना मराठीतच थँक्यू म्हणाले असेन, काही आठवत नाही. त्या रात्री दीड महिन्याने मी पोटभर भात खाल्ला. शैलेंद्र म्हणाला, बरं झालं बाई, मला वाटलं आता मीच आजारी पडतो.

वाईट राहण्याचं काम व्यवस्थित चालू आहे. सुलेखाताईचा मेसेज आला: "नीता, अभिनंदन. लक्ष्मी प्रसन्न झाली का?" विक्रांतदादाने मौल्यवान कागद हाताळण्याविषयी मुद्देसूद ईमेल पाठवलं आहे, आणि ते ताईलाही पाठवलं आहे. पूर्वी तो तिला काहीच पाठवत नव्हता. मी दोघांनाही "चूक झाली" एवढंच लिहिलं. फार छान वाटलं.

पण आता एक नवीनच आलं आहे, आणि यावेळी लपवणार नाही.

मिस्टर गोहनी मला बोलावून घेतलं. दुकानात मिस्टर लिम म्हणून एक निवृत्त शाळामास्तर बसले होते. चाळीस वर्षं कार्डं जमवतात. या एका कार्डाची जागा त्यांच्या वहीत चाळीस वर्षं रिकामी आहे. चांगलं कार्ड त्यांना सात जन्मांत परवडलं नसतं, पण डागाचं परवडेल. कार्ड खरं आहे, कोपरे अजून चांगले आहेत, म्हणून डागासकट ते पूर्वीच्या अंदाजाचा साधारण आठवा हिस्सा द्यायला तयार आहेत. ती रक्कमही काही लहान नाही, मामा.

त्यांनी मला विचारलं, हा लाल ठिपका कसला. मी सांगितलं, आमच्याकडे ज्याचा मान ठेवायचा त्याला हा लावतात. त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. मग म्हणाले, "देन नो नीड टू क्लीन, लाह." इतक्या आशेने बघणारा म्हातारा माणूस मी आधी पाहिला नव्हता.

आता मला भीती वाटते ती याची. पैसे आहेत म्हटलं की घरी पुन्हा तेच सुरू होईल. नाहीत म्हणून सांगावं तर आणखी एक खोटं. मिस्टर लिम थांबायला तयार आहेत. काय करू ते तुम्हीच सांगा. श्राद्ध नीट पार पडेपर्यंत हे पत्र उशीखाली ठेवलंत तरी चालेल.

नीता


पुणे
१२ जानेवारी २०१५

चि. नीता,

पत्र उशीखालीच ठेवलं होतं. आता लिहायला बसलो.

शनिवारी श्राद्ध झालं. विधी विक्रांतने केले, मध्ये मध्ये चुकला, गुरुजींनी सांभाळून घेतलं. खीर सुलेखाने केली, थोडी पातळ झाली. पानं मांडली तेव्हा दोघं शेजारी शेजारी बसली, आणि संजीवनीचं पान समोर. मी मुद्दाम उशिरा बसलो. आधी दारात उभं राहून बघून घेतलं. मला आणखी काही नको होतं.

जेवणं झाल्यावर मला वाटलं, आता यांच्यापासूनही काही लपवायचं नाही. तुझं पत्र काढलं आणि सुलेखाला मोठ्याने वाचायला दिलं. आठव्या हिश्श्यापाशी ती थांबली. तिने विक्रांतकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्या, तुला आणखी दोन दिवस दम धरवला नाही का.

विक्रांत म्हणाला, "ताईला दे."

मी अनेक वर्षांत त्याच्या तोंडून तिला ताई म्हटलेलं ऐकलं नव्हतं. ती त्याच्याहून तीन वर्षांनी लहान आहे. लहानपणी चिडवायला म्हणायचा. सुलेखा म्हणाली, मला काय करायचंय, पुस्तक तू झटकलंस, तू घे. तो म्हणाला, ते माळ्यावर कोणी ठेवलं होतं. मग दोघं नको म्हणण्यावरून भांडायला लागली. क्षिप्राने कपाळाला हात लावला.

शेवटी सुबोध म्हणाला, आपण नीताकडे जाऊन तिला प्रत्यक्ष बोलून येऊ, एवढा राग ईमेलमध्ये कसा मावणार. ते सगळ्यांना एकदम पटलं.

तेव्हा मिस्टर लिमना कार्ड दे आणि त्यांच्या वहीतली जागा भरू दे. तो माणूस ते माझ्यापेक्षा नीट सांभाळेल. येणाऱ्या पैशांत मे महिन्यात आम्ही पाच जण तुझ्याकडे येतोय. उरलेल्यात तू आम्हाला त्या तुमच्या हॉकरवाल्यांकडे खायला घाल. माझं शाकाहारी मी सांभाळीन. मला तपासून डॉक्टर म्हणाले, जा बिनधास्त.

तिकिटं विक्रांतने काल काढली. सुबोध आणि क्षिप्रा मागच्या रांगेत आहेत. पुढच्या रांगेत आम्ही तिघं. खिडकी कोणाला, यावरून विक्रांत आणि सुलेखाची फोनवर अर्धा तास जुंपली होती. तो म्हणतो मी पैसे भरले, ती म्हणते मला विमानात मळमळतं. त्याने मला कागदावर लिहून विचारलं, बाबा, तुम्हीच ठरवा.

मी लिहून दिलं, मी मध्ये बसणार आहे. खिडकीचं तुमचं तुम्ही विमान उतरेपर्यंत चालू द्या.

मामा